पॅडवर राहिलेला कागद

आमच्या ओळीतल्या दुकानांत त्याला सगळे धाकटा म्हणतात. वय सेहेचाळीस, कानशिलं पांढरी, उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठतो, तरी धाकटाच. एखादं नवं गिऱ्हाईक विचारतं, "मग थोरला कुठंय?" यावर तो "बाहेरगावी" एवढंच म्हणतो आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागतो. तो त्याच्या हातातच असतो.

मी शेजारची झेरॉक्सवाली. आमच्या दोन दुकानांच्या मध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. मी कुणाच्या भानगडीत नाक खुपसत नाही, पण भिंत एवढी पातळ असल्यावर माणसानं कान काय काढून ठेवायचे? त्यामुळे जे सांगते आहे ते ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणी खोटं म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे.

धाकट्याचा धंदा म्हणजे तापलेले लॅपटॉप थंड करणं. त्यातही गेम खेळायचे ते जाडजूड लॅपटॉप, ज्यांच्या कळांखाली रंगीत दिवे लागतात. पोरं घेऊन येतात आणि सांगतात, गेम सुरू केला की पंखा बोंबलतो, मशीन हाताला चटके देतं, आणि ऐन मोक्याच्या क्षणी बंद पडतं. धाकटा सगळ्यांत आधी विचारतो, "ठेवतोस कशावर?"

"टेबलावर," पोरगं म्हणतं.

मग धाकटा खालचं झाकण उघडतो, चिमट्याने पंख्यातून निळ्या लोकरीचा एक पुंजका काढतो आणि समोर धरतो. "टेबल फार उबदार दिसतंय तुझं."

पोरगं लाजतं. पांघरुणात बसून खेळणं बंद करतं की नाही ते त्याचं त्याला ठाऊक. गादीवर ठेवलं की खालच्या जाळ्या बुजतात आणि मशीनचं नाक दाबल्यासारखं होतं, हे धाकट्याने गेल्या वीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल! मला तर ते झोपेतही म्हणता येईल. मागची बाजू पुस्तक लावून दोन बोटं उंच ठेव. बाहेरून फुंकर मारू नकोस, धूळ आणखी आत जाऊन बसते. गेमला हवा तितका वेग देऊ नकोस, सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला साठ चित्रांवर बांधून टाक, डोळ्यांना फरक कळत नाही आणि मशीनचा जीव वाचतो.

आणि काम करताना त्याचा हात बघावा. हवा मारण्याआधी पंख्याच्या पात्यात दात कोरायची काडी अडकवतो, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून कायमचा खिळखिळा होतो. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीची गादी साचलेली असते, ती अख्खी उचलून काढतो. मुख्य चिपवरची उष्णता ओढून घेणारी जुनी, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसतो आणि नवी लावतो, जेमतेम डाळीच्या दाण्याएवढी. आजूबाजूच्या छोट्या चिपांवर मऊ पॅड बसवतो, त्यातून त्यांची उष्णता तांब्याकडे जाते. या पॅडच्या दोन्ही अंगांना पातळ, आरपार दिसणारा प्लास्टिकचा कागद असतो. बसवण्याआधी तो दोन्हीकडून सोलायचा. धाकटा सोलतो, मग नखाने तपासतो, मग पॅड उजेडाकडे धरून बघतो, मग पुन्हा नखाने. सोललेले कागद समोर मांडून मोजतो. पॅड सहा तर कागद बारा. अकरा भरले तर सगळं पुन्हा उघडतो.

इतकं कशाला, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगते.

पूर्वी हे दुकान दोघा भावांचं होतं. आईबाप लवकर गेले आणि थोरल्याने धाकट्याला वाढवलं. बारा वर्षांचं अंतर, त्यामुळे अर्धा भाऊ आणि अर्धा बापच. हातात स्क्रूड्रायव्हर त्यानेच दिला. थोरला मोठा गमत्या माणूस. मशीन उघडलं की त्याच्याशी बोलायचा. "काय राजे, अंगात कणकण आहे का?" माझं झेरॉक्सचं यंत्र तापून कागद अडकले की मी इकडून शिव्या घालायची आणि तिकडून थोरला म्हणायचा, "बाई, आजाऱ्याला बोलू नये." मी अजून शिव्या घालते. तिकडून आता काही येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी एक तरुण गिऱ्हाईक आलं. घरांचे नकाशे काढायला शिकणारा मुलगा. त्याचा लॅपटॉप पंधराच दिवसांपूर्वी इथून साफ करून नेलेला, आणि तो जळाला होता. वर्षभराचं काम आत. तो मुलगा रडत होता आणि ओरडत होता, दोन्ही एकदम. थोरल्याने मशीन उघडलं. एका पॅडवर कागद तसाच राहिला होता. उष्णता बाहेर जायला वाटच नव्हती.

त्या आठवड्यात कामाची झुंबड होती आणि कुठल्या मशीनला कुणाचा हात लागला हे कुणालाच आठवत नव्हतं. पण थोरल्याची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती, चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत होता. धाकट्याने मागचापुढचा विचार केला नाही. पाच गिऱ्हाइकांसमोर तो थोरल्याला म्हणाला, "दादा, तुला दिसत नाही आता. मान्य कर आणि घरी बस. दुकान बुडवशील."

मी इकडे झेरॉक्स काढत होते. माझा हात थांबला. थोरल्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि त्या मुलाला म्हणाला, "चूक माझी आहे."

आठवड्याभरात तो गेला. सकाळी धाकट्याने दुकान उघडलं तर टेबलावर चिठ्ठी. "मला शोधू नकोस. काम सांभाळ." एवढंच. लग्न केलेलं नव्हतं, मागे पाश नव्हता, कपडे एका पिशवीत मावण्याइतके. धाकट्याला आधी रागच आला. रुसलाय, येईल चार दिवसांत, म्हणाला.

दोन महिन्यांनी त्याच झुंबडीच्या आठवड्यातलं दुसरं एक मशीन परत आलं, तापतंय म्हणून. धाकट्याने उघडलं. पॅडवर कागद. आणि हे मशीन ज्या दिवशी झालं होतं त्या दिवशी थोरला दुकानात नव्हताच, डोळे दाखवायला गेला होता. म्हणजे हा कागद धाकट्याचा. मग जळक्या मशीनमधल्या त्या पॅडची वाकडी कड त्याला आठवली, म्हणजे पहिलाही त्याचाच. थोरला पॅड ब्लेडने सरळ कापायचा आणि धाकटा कात्रीने, थोडे वाकडे. जळकं मशीन उघडताक्षणी थोरल्याला कडेवरून कळलं असणार की हा कुणाचा हात. कळलं होतं, आणि तरी "चूक माझी" म्हणाला.

त्या दुपारी भिंतीपलीकडून आवाज यायचा बंद झाला म्हणून मी डोकावले. धाकटा ते मशीन मांडीवर घेऊन बसला होता. "ताई," तो म्हणाला, "मीच होतो."

मी म्हटलं, "मग जा आणि सांग त्याला."

"कुठे जाऊ? शोधू नकोस म्हणालाय. दादाचा शब्द मी कधी मोडला नाही." आणि मग, "एकदाच बोललो त्याला वाकडं. जन्मात एकदाच."

मला अस्सा संताप आला! या दोघा भावांची ही आज्ञाधारकता म्हणजे निव्वळ गाढवपणा. पण मी कोण सांगणारी? मीही माझ्या बहिणीशी सात वर्षं बोलले नव्हते.

त्यानंतरची अकरा वर्षं तो चुकला नाही, एकदासुद्धा. लांबलांबून लोक यायला लागले. बायको, मुलगी, छोटंसं घर, सगळं रीतसर आहे. पण बाहेरगावचं मशीन आलं की त्याचा चेहरा बदलायचा. थोरल्याची एक सवय होती. काम झालं की खालच्या झाकणाच्या आतल्या काळ्या बाजूवर पांढऱ्या पेन्सिलीने तारीख टाकायची. बारीक, डावीकडे झुकलेले आकडे. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाहीत, पुढे जो उघडेल त्याच्यासाठी असतात. धाकटा झाकण उलटं करायचा, बघायचा आणि हळूच खाली ठेवायचा. भिंतीपलीकडून मला तो ठेवल्याचा आवाज कळायचा. दादाची फार आठवण येते, असं तो मला वर्षातून एकदोनदा सरळ म्हणायचा, आणि मी म्हणायची, मलाही येते. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी एक मुलगी आली. इथे शिकायला असते, घर दुसऱ्या गावी. गळ्यात सदान्‌कदा मोठे हेडफोन, म्हणून मी तिचं नाव हेडफोनवाली ठेवलं. गेमच्या स्पर्धांत उतरते म्हणे. मशीन सत्त्याण्णव डिग्रीला जात होतं. ठेवते कशावर, तर उशीवर. निदान खोटं तरी बोलली नाही. धाकट्याने झाकण काढलं, उलटं केलं, आणि मग काहीच आवाज आला नाही. खाली ठेवल्याचा नाही, काहीच नाही.

मी कामं टाकून गेले. झाकणावर पांढरी तारीख होती. पाच महिन्यांपूर्वीची. आकडे डावीकडे झुकलेले.

"हे कुणी केलं?" धाकट्याने विचारलं.

"आमच्या गावात मोबाइलच्या दुकानात एक काका बसतात कोपऱ्यात," ती म्हणाली. "जाड चष्म्याचे. मशीनशी बोलतात."

ती त्या दुकानाचा नंबर देऊन गेल्यावर मी म्हटलं, "पत्ता मिळाला. नंबर मिळाला. आता उचल फोन." त्याने उचलला, आकडे दाबले आणि कापला. असं दोनदा. "शोधू नकोस म्हणाला होता," पुन्हा तेच पालुपद. मी कपाळावर हात मारून घेतला.

चार दिवसांनी हेडफोनवाली मशीन न्यायला आली तेव्हा धाकट्याने तिला एकच विनंती केली. सुट्टीत घरी गेलीस की हे त्याच काकांकडून उघडून घे, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. झाकणाच्या आत, थोरल्याच्या तारखेखाली त्याने पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "कागद माझ्याकडून राहिला होता. दोन महिन्यांनी कळलं. परत ये." आणि खाली आपली तारीख. त्याला हे शोधणं वाटत नव्हतं. पुढे जो उघडेल त्याच्यासाठी लिहायची तर दोघांची रीतच होती.

सुट्टीला चार महिने होते. या चार महिन्यांत धाकट्याने दुकानाला रंग दिला. थोरल्याच्या बाजूच्या टेबलावरचे खोके उचलले, जास्त उजेडाचा दिवा आणला आणि भिंग लावलेला एक स्टँड आणला. "डोळ्यांना बरं पडेल," म्हणाला. मी म्हटलं, आधी येऊ तर दे. तो हसला. इतक्या वर्षांत तो तसा हसला नव्हता आणि मला मनातून भीती वाटली. आशा लावून बसलेल्या माणसाकडे माझ्याने बघवत नाही.

मुलगी परत आली ती पावलं हळू टाकत. धाकट्याने तिथेच, उभ्याउभ्या झाकण काढलं. खाली नवी तारीख होती आणि चार ओळी. मीही वाचल्या.

"तेव्हाच कळलं होतं. दुकानात एकाचा हात वाईट ठरला की एकाला जावं लागतं. माझे डोळे म्हटलं की लोकांना पटलं. तुझं काम पाहिलं. आता चुकत नाहीस. मी येऊन काय करू?"

मुलगी म्हणाली, "काकांनी आतलं काहीच बदललं नाही. म्हणाले, इतकं नीट केलंय की मला हात लावायला जागाच नाही. खूप वेळ नुसते बघत बसले होते."

धाकटा थोरल्याच्या टेबलापाशी, नव्या दिव्याखाली जाऊन बसला. मला वाटलं रडेल. रडला नाही. म्हणाला, "ताई, तो यावा म्हणूनच तर मी अकरा वर्षं चुकलो नाही."

मी जाऊन दोन चहा सांगितले.

पुढची सुट्टी जवळ आली तशी मुलगी मशीन सफाईला घेऊन आली. धाकट्याने दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं आणि समोर मांडलेले कागद दाखवले. पॅड सहा होते. कागद अकरा.

"एक राहिला," मी म्हटलं. "उघड परत."

"राहिला नाही, ठेवलाय."

मी जी भडकले! म्हटलं, "शुद्धीवर आहेस का? त्या पोरीचं मशीन म्हणजे काय तुम्हा भावांचं पोस्टकार्ड आहे? ज्याचं मशीन जळालं ते पोर विसरलास?"

"ओरडू नका ताई. तसलं कुठं ठेवीन का मी? साठवणीच्या चिपवरचा आहे, तिथे चार डिग्री वाढतात, जास्त नाही. दोन दिवस गेम चालवून बघितलाय." आणि त्याने मुलगी आली तेव्हा तिलाही सगळं सरळ सांगितलं. मुद्दाम ठेवलाय, धोका नाही, पटत नसेल तर आत्ता काढतो. पटलं तर काकांकडूनच उघडून घे आणि त्यांनी विचारलं तर काही सांगू नकोस. मुलीने आधी मशीनकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"काका, तुम्ही दोघं फोन का नाही करत?" ती म्हणाली.

"ते अवघड आहे गं," धाकटा म्हणाला.

तिने मशीन पिशवीत घातलं. "राहू दे मग कागद."

झाकणाच्या आत या वेळी त्याने नुसती तारीख टाकली. काही लिहिलं नाही. मी विचारलं, येईल असं वाटतं का? तो म्हणाला, "माहीत नाही. पण चुकणाऱ्याला तरी दादाची गरज आहे ना." पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या मुलीचा बाप, आणि डोळे लहान मुलासारखे भरलेले. मी त्याला नीट शिव्याही घालू शकले नाही.

मुलगी गावी गेली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. धाकटा कामं करत होता, कागद मोजत होता, पण दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने बघणंही सोडलं. भिंगाचा स्टँड त्याने कापड घालून झाकून ठेवला.

परवा सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या काउंटरसमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. हातात पिशवी, सदरा प्रवासाने चुरगळलेला, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मी खाली मान घालून कुणाची तरी ओळखपत्रं काढत होते. म्हटलं, "किती कॉप्या?"

"बाई," तो म्हणाला.

मला त्या एका शब्दाने ओळख पटली. पण केवढा वाळला होता! काउंटर धरून उभा होता आणि धापा टाकत होता. बाजूच्या दुकानाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. बघायचं धाडस होत नव्हतं त्याला, हे मला नंतर कळलं.

"बाई, खरं सांगा," तो हळू आवाजात म्हणाला. "धाकट्याला काय झालंय? अहो, त्याच्या हातून कागद राहिला. मागच्या वेळी पाहिलं होतं मी त्याचं काम, तसा हात उभ्या बाजारात नाही. आणि आता पॅडवर कागद! डोळे गेले का त्याचे माझ्यासारखे? का काही दुखणं आहे, लपवून ठेवलेलं? रात्रभर गाडीत बसून आलोय. पोरीने काही सांगितलं नाही, नुसती खाली बघत होती. मला कळलं तेव्हाच. बरा आहे ना तो?"

पलीकडे प्लायवूडमागे हवेचा फवारा चालू होता. तो बंद झाला.

मी थोरल्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "नाही," मी म्हटलं. "अकरा वर्षं झाली, बरा नाहीये तो. आत जा."